कैरोला येण्यापूर्वी २०१३ समजून घ्या

कैरोतील नोकरी स्वीकारून कुटुंबासह इकडे यायचे आहे, तर २०१३ साली इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना हटवले त्याचे सावट इथल्या जगण्यावर अजून आहे का, असे आपण विचारले आहे. मी तेव्हाही कैरोच्या मादी भागात राहत होतो, आजही तिथेच राहतो. सावट आहे, ते रस्त्यावर दिसत नाही, बोलण्यात जाणवते.

मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेचे मोहम्मद मोर्सी जून २०१२ मध्ये सुमारे ५२ टक्के मते मिळवून निवडून आले. नोव्हेंबरात त्यांनी स्वतःचे निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारे फर्मान काढले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पेट्रोलच्या रांगा व वीजकपात यांमुळे राजकारणापासून दूर राहणारी माणसेही चिडली. ३० जून २०१३ रोजी तहरीर चौकात आणि अध्यक्षीय प्रासादाबाहेर प्रचंड गर्दी लोटली. लष्कराने ४८ तासांची मुदत दिली आणि ३ जुलैच्या रात्री संरक्षणमंत्री अब्देल फताह अल-सिसी यांनी, ज्यांना मोर्सींनीच त्या पदावर नेमले होते, राज्यघटना स्थगित केल्याचे दूरचित्रवाणीवरून जाहीर केले. आमच्या गल्लीत फटाके वाजले. १४ ऑगस्टला राबा अल-अदविया चौकातील मोर्सी समर्थकांचे धरणे मोडताना, ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या मोजणीनुसार, किमान ८१७ माणसे मारली गेली. फटाके वाजवणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनी त्या दिवसाविषयी आजवर चकार शब्द काढलेला नाही, आणि मीही तो विषय काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

आपल्या मराठी कानाला ‘इन्किलाब’ म्हणजे क्रांती. अरबीत मात्र हाच शब्द सत्तापालटासाठी वापरतात आणि क्रांतीला ‘थौरा’ म्हणतात. सरकारच्या लेखी ३० जून ही थौरा आहे, मोर्सी समर्थकांच्या लेखी ३ जुलै हा इन्किलाब आहे, आणि आपण कोणता शब्द उच्चारतो यावरून समोरचा माणूस आपली बाजू ठरवून मोकळा होतो. नोव्हेंबर २०१३ च्या कायद्याने निदर्शनांवर कडक निर्बंध आले, डिसेंबरात मुस्लिम ब्रदरहूडला दहशतवादी संघटना ठरवण्यात आले. म्हणून परदेशी माणसाने जमावापासून दूर राहावे, लष्करी इमारतींची छायाचित्रे काढू नयेत आणि सहकाऱ्यांशी हा विषय स्वतःहून काढू नये. पगार शक्य तर डॉलरमध्ये ठरवून घ्या, कारण २०१३ साली सुमारे ७ इजिप्शियन पौंडांना मिळणारा डॉलर मार्च २०२४ नंतर ५० पौंडांच्या आसपास गेला.

आपल्या मुलांना ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा ठाऊक असेल, तर विमानात बसण्यापूर्वी त्यांना या दोन शब्दांतला फरक जरूर समजावून सांगा.