अंगातलं शिसं काढणारी गोळी असते का?

जुन्या बॅटऱ्यांचं काम करणाऱ्या घरांतले आईबाप माझ्याकडे येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास असतो: अंगातलं शिसं जायला कोणतं व्हिटॅमिन द्यायचं? जालन्याकडच्या एका ताईंनी तर पिशवीभर औषधंच आणली होती. मल्टिव्हिटॅमिन, झिंकचं सिरप, मोठ्यांच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि कुणीतरी दिलेली भस्माची पुडी. नवरा भंगाराच्या दुकानात शिशाच्या बॅटऱ्या फोडायचा. चार वर्षांच्या मुलाच्या रक्तात दर डेसिलिटरला 12 मायक्रोग्रॅम शिसं निघालं होतं, हिमोग्लोबिनही कमी होतं.

"उसने पैसे घेऊन आणलंय मॅडम. लेकरू नीट झालं पाहिजे."

भस्म मी आधी बंद करायला सांगितलं. नागभस्म हे शिशापासूनच करतात, आणि या पुडीवर तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाकीच्या बाटल्यांबद्दल खरं तेच सांगितलं: यातलं काहीही शिसं ओढून काढत नाही. पण शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषून घेतं. लोह ज्या वाटेनं आत जातं, त्याच वाटेनं शिसंही शिरतं. म्हणून कमतरता भरायची, तीही तपासून. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये हेच सांगितलं: मुलाची पातळी 5 किंवा त्याहून जास्त असेल आणि आहार अपुरा असेल, तर लोह-कॅल्शियम द्यावं, मात्र शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवणं आधी. शिसं काढणारी औषधं वेगळी असतात. मुलांमध्ये त्यांचा विचार साधारण 45 च्या पुढे होतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मुलाला लोहाचं औषध बालरोगतज्ज्ञांनी वजन बघून दिलं. ती बाटली लेकराच्या हाती लागू देऊ नका, हे मी प्रत्येक आईला बजावते. लोह जास्त गेलं तर जिवावर बेततं.

"कामावरचे कपडे कुठं काढतात ते?"

"घरीच. आल्या आल्या पोरगं मांडीवर बसतं ना."

पुढच्या वेळी वडील स्वतः आले. "म्हणजे मीच आणलं का हे घरात?" त्यांचा आवाज बसला होता. पोटासाठी राबणाऱ्या माणसाला दोष कसा द्यायचा? दोष मालकाचा, ज्यानं हात धुवायला साबणसुद्धा ठेवला नव्हता. त्यांनाही रक्त तपासायला सांगितलं. कामावरच अंघोळ करून कपडे बदलायचे, ते वेगळे धुवायचे, घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसायचं, हे ठरलं. पोराचा जेवणासोबतचा चहा बंद झाला. भाकरीबरोबर दही, तिळाची चटणी, पालेभाजीवर लिंबू सुरू झालं. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून खेळायला जाण्याआधी काहीतरी खायला.

नंतरच्या तपासणीत आकडा उतरला. पण हाडांत साठलेलं शिसं वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे तपासणी चालूच आहे. ताईंना दुसरं मूल हवंय. गरोदरपणात हाडांतलं शिसं रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं, म्हणून त्यांचंही रक्त आधी तपासायला पाठवलंय.