आता चाबूक ड्रॅक्युलाच्याच हातात: फेब्रुवारी २०१४ ची प्रश्नोत्तरं

या महिन्यात टपाल काय, ईमेल काय, सगळीकडे एकच विषय. कॅसलव्हेनिया लॉर्ड्स ऑफ शॅडो २ हा व्हिडिओ गेम. अमेरिकेत २५ फेब्रुवारीला येतोय आणि आपल्याकडची पोरं आत्तापासून पाण्यात देव ठेवून बसलीयत. म्हणून बाकीचे प्रश्न मार्चवर ढकललेत, क्रिकेट गेमवाल्यांनी रागवू नये.

प्रश्न: मी पहिला भाग खेळलेलो नाही. डायरेक्ट दुसरा घेतला तर कळेल का? (कॉलेजचा विद्यार्थी, सांगली)

कळेल रे, पण लग्नाला थेट पंगतीत जाऊन बसल्यासारखं होईल, जेवण मिळतं पण कोण कोणाचा ते कळत नाही. थोडक्यात सांगतो. पहिला भाग २०१० च्या ऑक्टोबरात आला, माद्रिदच्या मर्क्युरीस्टीम या स्टुडिओने बनवलेला, कोनामी कंपनीसाठी. काळ १०४७ सालचा. गॅब्रिएल बेलमाँट नावाचा योद्धा, बायकोचा खून झालेला, त्याला कोणीतरी सांगतं की एक मुखवटा आहे, त्याने मेलेलं माणूस परत येतं, आणि त्याचे तुकडे तिघांकडे आहेत, एक लांडग्यांचा मालक, एक व्हॅम्पायरांची राणी आणि एक मेलेल्यांचा. मग काय, निघाला हा क्रॉसमधून निघणारी साखळी फिरवत. इथवरच सांगतो. पुढचं विचारू नकोस, कारण खालचा प्रश्न वाच म्हणजे कळेल माझी काय हालत झालीय ते.

पीसी असेल तर मागच्या ऑगस्टमध्ये पहिल्या भागाची अल्टिमेट एडिशन आलीय, त्यात नंतर आलेले दोन्ही जादा चॅप्टर आतच आहेत. ते दोन जरूर खेळ. दिसायला तेवढे भारी नाहीत, पण गॅब्रिएलचं पुढे जे झालं ते कसं झालं हे तिथेच आहे. फक्त कीबोर्डवर खेळायचा हट्ट करू नकोस, बोटं मोडतील, मित्राकडून कंट्रोलर उसना आण.

प्रश्न: जानेवारीच्या अंकात तुम्ही पहिल्या भागाचा शेवट फोडलात. मी निम्म्यात होतो. असं करतात का? (संतापलेला वाचक, ठाणे)

चुकलं. खरंच चुकलं, हात जोडतो. पण राव, एक सांगू का, या गेमचा शेवट फोडायला मी कशाला हवा, दुसऱ्या भागाच्या डब्यावरच फुटलाय. जून २०१२ मध्ये पहिला ट्रेलर आला त्यातच गॅब्रिएल सिंहासनावर बसलेला आणि बाहेर सैन्य किल्ल्यावर चाल करून येतंय, आता तो कोण झाला हे अजून कोणाला सांगायचं राहिलंय? ज्यांना तरीही माहीत करून घ्यायचं नाही त्यांनी इथून पान उलटा, मी परत शिव्या खाणार नाही.

प्रश्न: सगळे एवढे का नाचतायत? व्हॅम्पायरचे गेम काय कमी आहेत का? (आयटीवाला, हिंजवडी)

हा खरा प्रश्न. बघ, मूळ कॅसलव्हेनिया मालिका जपानात १९८६ मध्ये सुरू झाली, लॉर्ड्स ऑफ शॅडो ही तिची नवी मांडणी. तेव्हापासून धंदा एकच, बेलमाँट घराण्यातला कोणीतरी चाबूक घेऊन किल्ल्यात शिरतो, मेणबत्त्या फोडतो, वटवाघळं मारतो, शेवटी वरच्या मजल्यावर ड्रॅक्युला बसलेला असतो त्याला बडवतो आणि घरी जातो. मग काही वर्षांनी ड्रॅक्युला परत उठतो. १९९७ मध्ये सिम्फनी ऑफ द नाइटमध्ये थोडी गंमत केली, त्याच्या पोरालाच हिरो केलं, अ‍ॅल्युकार्ड, नाव इंग्रजीत उलटं वाचलं की बापाचं होतं. पण ड्रॅक्युला स्वतः मात्र जवळपास कायम शेवटच्या खोलीत, आपली वाट बघत.

आणि आता सत्तावीस वर्षांनी तीच खोली, तेच सिंहासन आणि खुर्चीत आपण. ज्या बेलमाँटने पहिल्या भागात सैतानाशी पंगा घेतला तोच ड्रॅक्युला झाला, हे या मंडळींनी लावलेलं लॉजिक मला तरी जाम आवडलं. म्हणजे वाईट माणूस म्हणून नाही तर सगळं गमावलेला, मरताही न येणारा माणूस म्हणून. आवाज रॉबर्ट कार्लाइलचा आहे, तो थकलेला, घोगरा स्कॉटिश आवाज ऐकलास ना की कळतं, हा माणूस झोपलेलाच बरा होता. त्याला उठवणारा झोबेक, त्याला आवाज पॅट्रिक स्टुअर्टचा, एक्स-मेनमधले प्रोफेसर. हे दोघं नुसते बोलत बसले तरी मी ऐकत बसेन.

मारामारीचं सांगतो. पहिल्या भागात दोन जादू होत्या, निळी आणि लाल. निळी चालू करून मारलं की आपला जीव भरतो, लाल चालू केली की समोरच्याला जास्त लागतं. आणि ही जादू भरायची कशी, तर मार न खाता सलग मारत राहायचं, मग शत्रूंच्या अंगातून चमकणारे गोळे पडायला लागतात, ते ओढून घ्यायचे आणि त्याच सेकंदाला ठरवायचं की निळ्यात टाकू का लाल्यात. चार लांडगे अंगावर येतायत, जीव एवढासा उरलाय आणि आपण हिशोब करतोय. मी त्या गोळ्यांच्या नादात किती वेळा मेलोय विचारू नका. आता त्याच जागी दोन हत्यारं आलीयत, एक थंडगार तलवार, ती लागली की आपला जीव वाढतो, आणि एक पेटते पंजे, ते ढाली फोडतात. मधला चाबूक रक्ताचा. आणि हो, समोरचा डळमळला की सरळ मानेचा चावा घ्यायचा, जीव भरतो. जुन्या गेममध्ये इतकी वर्षं जीव भरायला भिंत फोडून निघालेलं चिकन खाल्लं, आता हे.

दुसरं म्हणजे कॅमेरा. पहिल्या भागात तो खिळ्याला टांगलेला होता, फिरवता यायचा नाही, दरीवरून उडी मारताना खाली जमीन आहे का खड्डा ते नशिबावर. यावेळी कॅमेरा आपल्या हातात आहे आणि किल्ला तुकड्या-तुकड्यात न देता सलग फिरायला मिळणार असं बनवणारे सांगतायत.

धाकधूक एकाच गोष्टीची आहे. गोष्टीचा बराच भाग आजच्या शहरात आहे. सिमेंटच्या गल्ल्या, कारखाने. अरे बाबांनो, मला तो किल्ला द्या ना. पहिल्या भागातला किल्ला आठवतो का, त्यात एक छोटी मुलगी भेटते, लॉरा, व्हॅम्पायर, ती म्हणते माझ्याशी खेळ, आणि मग बसून तिच्याबरोबर बुद्धिबळासारखा डाव खेळायचा. त्या खोलीत मारामारी नाही, काही नाही, पण मला अख्ख्या गेममध्ये सगळ्यात जास्त अंगावर काटा तिथे आला. असलं काही पार्किंग लॉटमध्ये जमत नाही हो. जमवलं तर मी इथेच कबूल करीन.

प्रश्न: मी पहिल्या भागात म्युझिक बॉक्समध्ये अडकलोय. २५ च्या आत संपवायचाय. वाचवा! (दहावीनंतरची सुट्टी आधीच सुरू केलेला, नगर)

आधी दहावी दे.

बरं, ऐक. तो म्युझिक बॉक्स म्हणजे आतमध्ये सिलिंडर बसवायचे असतात, सिलिंडर बदलला की सूर बदलतो आणि सुराबरोबर बाहेरचे काटे, करवती, फळ्या यांची चाल बदलते. घाई करू नकोस, आधी उभा राहून नुसता ऐक, काटे कुठल्या ठोक्याला वर येतात ते कानाला कळतं, डोळ्याने बघत बसलास की चुकतोस. आणि जो सूर वाजतोय तो जुन्या १९८६ च्या गेममधल्या पहिल्याच लेव्हलचा आहे, मला ते कळलं तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून पूर्ण ऐकलं आणि मग मेलो. बाकी कोडी अगदीच सुटली नाहीत तर गेम स्वतःच उत्तर देतो, फक्त बक्षिसाचे पॉइंट जातात. जाऊ देत.

प्रश्न: गेल्याच महिन्यात बाबांकडून PS४ (प्लेस्टेशन ४) घेतला. त्यावर चालेल ना? (आनंदी मुलगा, नागपूर)

नाही रे राजा. हा PS३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीसाठीच येतोय. PS३ ची डिस्क PS४ मध्ये घातली तर काही होत नाही. ३९,९९० रुपयांचं यंत्र घरात आलंय, बाबांना एवढ्यात हे सांगू नकोस. जुना PS३ विकला नसशील तर जपून ठेव, विकला असशील तर ज्याला विकला त्याच्याशी दोस्ती कर.

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे, हाच गेम हवा म्हणून अबोला धरलाय. घेऊन देऊ का? (एक आई, डोंबिवली)

नको ताई. अमेरिकेत याला एम रेटिंग आहे, म्हणजे १७ वर्षांच्या पुढच्यांना. आपल्याकडे गेमला सिनेमासारखं सेन्सॉर सर्टिफिकेट नाही, त्यामुळे दुकानदार कोणालाही देतो आणि वर "कार्टूनच आहे हो" म्हणतो. यात माना फोडून रक्त पिणं हा मुख्य खेळ आहे. त्याला सांगा, कॉन्ट्रा खेळ. तोही याच कोनामीचा. आपल्या पिढीने कॅसेट फुंकून फुंकून, वर वर खाली खाली करून तीस लाइफ घेऊन खेळलाय तोच. त्याला कठीणच जाईल, अबोला आपोआप सुटेल, मदत मागायला येईल.

प्रश्न: व्हॅम्पायरला मराठीत वेताळ म्हणायचं का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, तुम्ही असलं वाचता हे बघून बरं वाटलं. गोंधळ जुना आहे, रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचं सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. पण तुमच्या कोकणात, खाली गोव्यात, वेताळ गावचा राखणदार. रात्री गस्त घालतो, चपला झिजतात म्हणून लोक त्याला नवीन चपला वाहतात. ड्रॅक्युलाला कोणी चपला दिल्या असत्या तर तो असा झाला नसता. मी तरी व्हॅम्पायरच लिहितो, फार तर रक्तपिपासू, पण ते राजकारणाच्या बातमीतलं वाटतं.

प्रश्न: प्री-ऑर्डर करू की थांबू? (अनेक वाचक)

थांबा. मागे एका दुकानात दुसऱ्याच गेमला मी आगाऊ पैसे भरले, पोस्टर आणि गेममधल्या हिरोला जादा ड्रेस मिळणार म्हणून, गेम दहा दिवस उशिरा आला, पोस्टर आलंच नाही, ड्रेसच्या कोडचा कागद आधीच कोणीतरी खरवडलेला. दुकानदार म्हणाला, आतूनच तसा येतो.

डिस्क काही संपत नाहीत. पहिल्या आठवड्यात कोणीतरी घेणारच आहे, त्याच्याकडे जाऊन तासभर बसा, वडापाव तुमच्याकडून. शहरातल्या भागात कंटाळा आला तर खिसा वाचला, किल्ल्यात जीव अडकला तर तिथूनच दुकानात जा. मी स्वतः काय करणार? मी केलीय प्री-ऑर्डर. मला विचारू नका.