काका, पेत्राला प्रभू काय म्हणाला ते वाचा

काका, तुम्ही लिहिलंय की गुडघे गेले, खानापूरहून बेळगावला उपासनेला येणं बंद झालं, अंघोळीपासून कपड्यांपर्यंत सगळं सुनेला करावं लागतं आणि प्रार्थनेला बसलं की डोळा लागतो. ‘आता मी देवाच्या काय कामाचा?’ असं तुम्ही विचारता. आमच्या मंडळीतल्या घरी पडून असलेल्या वडीलधाऱ्यांना मी बरीच वर्षं भेटायला जाते. दुखण्यापेक्षा परस्वाधीन होणंच त्यांना जास्त लागतं.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातलं 18वं वचन काढा. प्रभू येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो, तरुणपणी तू स्वतःच कंबर बांधून हवं तिकडे जायचास; म्हातारा झालास की हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि नको तिकडे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी होतं, असं योहानच लगेच सांगतो. पण त्यानंतरचे प्रभूचे शब्द आहेत, ‘माझ्यामागे ये.’ स्वतःच्या पायांनी कुठंच जाता येणार नाही, हे ज्याला आत्ताच सांगितलं, त्यालाच हे बोलावणं आहे!

माझी आई शेवटी अंथरुणाला खिळली होती. पोलक्याचे हुक मी लावायचे. सुरुवातीला ती लाजून भिंतीकडे तोंड फिरवायची. पुढे पुढे हात लांब करून थांबायची आणि शेवटचा हुक लागेपर्यंत नातवंडांची एकेक नावं घेत प्रार्थना करायची. आमच्या घरात तिच्याइतकी प्रार्थना कुणीच केली नाही. तुमची सून बटणं लावते तेव्हा तिच्यासाठी एवढं करून बघा.

आणि ओझं झाल्याचं म्हणता, तर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 46वा अध्याय वाचा. बाबेलच्या मूर्ती, बेल आणि नबो, थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादल्यात. त्यांना वाहून न्यावं लागतं. आपला देव उलट सांगतो की गर्भापासून मीच तुम्हाला वाहिलं आणि केस पिकेपर्यंत मीच वाहीन. तुम्ही चालत होता तेव्हाही तोच वाहत होता, काका.

झोपेचं मनाला लावून घेऊ नका. आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो. एक ओळ म्हणा आणि खुशाल झोपा. मात्र सारखीच गुंगी येत असेल किंवा मन फारच खचत असेल, तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एकदा डॉक्टरांना दाखवा. त्याला विश्वास कमी पडला असं कुणी म्हणू नये.

71वं स्तोत्र नातवाकडून मोठ्यानं वाचून घ्या. म्हातारपणी मला टाकू नकोस, असं त्यात मागणं आहे. आणि पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस, असंही. शाळा कन्नड असल्यामुळे मराठी वाचताना तो अडखळला तर अडखळू दे, तुम्ही सांगत जा.

प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्यासाठी, पाळकसाहेबांना निरोप द्या, ते घरी येतात. ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून बरेचजण मागतच नाहीत. तुम्ही मागा. पावसानं रस्ता खराब असला तर थोडं मागंपुढं होईल, पण येतील.