सब्ज्याची पिवळी पाने आणि युरियाचा सल्ला

सुगंधी पाल्याच्या पिकांबाबत अलीकडे आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा आशय एकच आहे : सब्ज्याची, म्हणजे गोड तुळशीची, पाने पिवळी पडू लागली, दुकानदाराने नत्र कमी पडल्याचे सांगून युरिया आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दिले, दोन फवारण्या झाल्या, तरी पिवळेपणा वाढतच आहे. हा प्रकार मी अनेक वाफ्यांत पाहिला आहे आणि त्याचे उत्तर पानाच्या खालच्या बाजूला असते.

दव सुकण्यापूर्वी वाफ्यात जाऊन पिवळे पान उलटून पाहावे. खाली राखाडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा, म्हणजेच डाऊनी मिल्ड्यू हा बुरशीसारखा रोग आहे. नत्र कमी पडले असता खालची जुनी पाने सारखीच फिकट होतात आणि त्यांवर लव नसते. केवड्यात मात्र पिवळेपणा शिरांच्या चौकटीत अडकलेला दिसतो. अशा पिकाला युरिया देणे म्हणजे रोगाला कोवळा, रसरशीत पाला पुरवणे होय. कार्बेन्डाझिम या रोगाच्या कारकावर चालतच नाही, मग मात्रा एकपट असो की दुप्पट. तेव्हा युरिया नको आणि ‘फरक पडला नाही, आता डोस वाढवा’ हा सल्ला तर मुळीच नको.

उपाय साधे आहेत, पण वेळेवर केले तरच उपयोगी पडतात. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. संध्याकाळी वरून पाणी दिल्यास पाने रात्रभर ओली राहतात आणि केवड्याला तेच हवे असते. दाटी विरळ करून वारा खेळता ठेवावा. बियाणे खात्रीचे घ्यावे, कारण हा रोग बियाण्यातूनही येतो. चार-दोन झाडांवरच लव दिसत असेल, तर ती उपटून पिशवीत घालून बाहेर काढावीत आणि उरलेल्या निरोगी पिकाची काढणी लवकर उरकावी.

आता औषधांविषयी. पुदिना, सब्जा यांची पाने बऱ्याचदा कच्चीच खाल्ली जातात आणि ओल्या पाल्यात 80 टक्क्यांहून अधिक पाणी असल्यामुळे तो वाळवल्यावर औषधाचा उरलेला अंश त्या मानाने दाट होतो. म्हणून ज्या औषधाच्या लेबलवर या पिकाचे नाव नाही, ते फवारू नये, दुकानदार कितीही खात्री देवो. नाव असेल, तर फवारणी आणि काढणी यांमध्ये लेबलवर दिलेले दिवस पूर्ण जाऊ द्यावेत. गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून दोन दिवस आधी कापणी करणे हा गुन्ह्याइतकाच गंभीर प्रकार आहे, असे मी मानतो.

‘टॉनिकने वास वाढतो का?’ असेही विचारले गेले आहे. वाढत नाही. पुदिन्याचे पान भिंगाखाली धरले, तर खालच्या अंगाला चकाकणारे बारीक थेंब दिसतात. त्या ग्रंथींत तेल असते आणि पान चुरगळले की त्या फुटतात. ग्रीक कथेत मिन्थे नावाची अप्सरा देवीच्या पायाखाली तुडवली गेली आणि तिचा पुदिना झाला, असे सांगतात. ज्याने हे पीक तुडवले आहे, त्याला ही कथा कशी सुचली असेल ते कळते. जास्त नत्राने पाने मोठी, पाणचट आणि वासाने फिकी होतात. रोझमेरी आणि थाइम ही तर भूमध्य सागराकाठच्या खडकाळ, निचऱ्याच्या उतारांवरची झाडे आहेत. त्यांना रोज पाणी दिल्याने मुळे कुजतात, झाड सुकते आणि शेतकरी ‘पाणी कमी पडले’ म्हणून आणखी पाणी देतो.

माझा आग्रह गादीवाफ्याचा आहे. वाफा उंच करावा, चांगले कुजलेले कंपोस्ट मोजकेच मिसळावे आणि बोट खुपसून वरचा थर कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे. रोझमेरी बियांपासून करण्याचा हट्ट सोडून शेंड्याचे कलम लावावे. सब्ज्याच्या बाबतीत प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात नोंदवले आहे, की तो शिव्याशाप देत पेरला म्हणजे जोमाने येतो. शापांचे सोडा, शेंडे मात्र निर्दयपणे खुडावेत. खालची दोन पेरी राखून, फुले येण्यापूर्वी कापल्यास फूट जोरात येते.

काढणी दव सुकल्यावर, पण ऊन तापण्यापूर्वी करावी. पाला सावलीत, पातळ थराने, 40 अंशांच्या आत वाळवावा. उन्हात रंग जातो आणि तेलही उडते. पान बोटांत चुरचुरले की हवाबंद डब्यात भरून अंधारात ठेवावे.



पुदिन्यावर नारिंगी ठिपके दिसत असल्याचा प्रश्न राहिला. तो तांबेरा हा बुरशीचा रोग आहे. रोगट फांद्या जमिनीलगत कापून नष्ट कराव्यात आणि नवी लागवड दुसऱ्या वाफ्यात, निरोगी वाफ्यातल्या धावत्या मुळ्यांनीच करावी.