पेट्रोशियन आणि तुझा वजीर

काय गं,

बुद्धिबळाच्या टुर्नामेंटमध्ये शेवटच्या राउंडला हातातला डाव घालवून आलीस, आठ दिवस क्लासला फिरकली नाहीस, फोन उचलला नाहीस आणि काल रात्री साडेअकराला एकदम मेसेज, "सर, वर्ल्ड चॅम्पियनपैकी एकालाच भेटता येणार असेल तर कुणाला भेटाल?" विषय बदलायचाय हे कळलं मला. पण प्रश्न झकास आहे आणि मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र, चहा पिता पिता वाच.

तुला वाटत असेल मी आनंद म्हणेन किंवा मिखाईल ताल, तो बेधडक हल्ले चढवणारा, म्हणेन. तालला कोण नाही म्हणणार, पण त्याच्याभोवती आधीच गर्दी असणार. मी भेटेन टिग्रान पेट्रोशियनला. हो तोच, ज्याचे डाव लावले की तू जांभया देतेस.

आधी तो कुठून आला ते ऐक. जन्म 1929 चा, जॉर्जियातल्या तिबिलिसीतला, घर आर्मेनियन. युद्धाच्या काळात आईवडील दोघंही गेले आणि हा पोरगा पोटासाठी रस्ते झाडायला लागला, तेही ऐन हिवाळ्यात, सगळं हातानं. पहाटे रस्ते रिकामे असायचे तेव्हा काही वाटायचं नाही, पण उजाडून लोक यायला लागले की नको व्हायचं, असं त्यानंच नंतर सांगितलंय. आजारी पडला, शाळेचं वर्ष बुडालं, कानही अधू झाले. पुढे कानाला मशीन लावायचा आणि खेळताना आजूबाजूचा आवाज नको म्हणून खुशाल बंद करून टाकायचा. (मी भेटलो आणि माझी नेहमीची बडबड सुरू केली तर माझ्यावरही हीच वेळ येणार हे मी धरूनच चाललोय.)

या माणसाला हरवणं म्हणजे काय होतं बघ. दहा ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, मिळून 129 डाव खेळला, हरला फक्त एक, 1972 ला स्कोपिएत ह्यूबनरशी, तोही वेळ संपून. 1963 ला तेव्हाच्या चॅम्पियन बोटविनिकला हरवून चॅम्पियन झाला, 1966 ला स्पास्कीसमोर किताब राखला. त्या मॅचचा दहावा डाव एकदा नक्की बघ, शेवटी वजीर सरळ एच आठवर (पटावरची घरं अशीच अक्षर-आकड्यानं सांगतात) नेऊन देऊन टाकतो, घेतला तर घोड्याचा काटा, म्हणजे एकाच चालीत राजा आणि वजीर दोघांवर हल्ला, म्हणून स्पास्की तिथंच डाव सोडतो, मग सांग मला हा माणूस बोअर आहे म्हणून. आर्मेनियात तर दोन हजार द्रामच्या नोटेवर त्याचा फोटो आहे! आपल्याकडे बुद्धिबळवाला नोटेवर कधी यायचा, असो.

पण मला भेटायचंय ते नोटेवरच्या पेट्रोशियनला नाही. मला भेटायचंय 1956 साली ॲमस्टरडॅमला, कँडिडेट्स, म्हणजे चॅम्पियनला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा, चालू असताना, सव्वीस वर्षांच्या पेट्रोशियनला, ब्रॉन्स्टाइनशी झालेल्या डावानंतर.

तो डाव असा. पेट्रोशियन पांढरी घेऊन खेळतोय, ब्रॉन्स्टाइनला त्यानं अक्षरशः आवळलंय, काळ्याच्या सोंगट्यांना धड हलायला जागा नाही, एक घोडा तेवढा मोकळा. मग तो बिचारा घोडाच इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुणीही सांगेल पांढरा आरामात जिंकतोय. पांढरा वजीर डी सहावर, पार शत्रूच्या घरात जाऊन बसलेला. आणि तो घोडा एफ पाचवर येतो. म्हणजे थेट वजिरावर हल्ला. समोर. क्लासमधलं सगळ्यात लहान पोरगंसुद्धा ओरडेल "सर वजीर!" आणि पेट्रोशियन, पेट्रोशियन गं, जो समोरच्याचा धोका दहा चाली आधी हुंगायचा, तो शांतपणे स्वतःचा घोडा जी पाचवर टाकतो. छत्तिसावी चाल. घोड्यानं वजीर मारला, डाव संपला.

मी हा डाव शंभरदा लावला असेल आणि मला वाटतं काय झालं असेल ते सांगतो. तो घोडा इतका वेळ नुसताच नाचत होता, कुणाला काही करत नव्हता, म्हणून डोळ्यांना त्याची सवय झाली. जिंकत असलो की आपण स्वतःचेच बेत बघत बसतो, समोरचा आपला फक्त चाल करायला बसलाय असं वाटायला लागतं. तुझ्या डावातला तो उंट आठव, वीस चाली कोपऱ्यात पडलेला. पुढचं मी लिहीत नाही.

माझंही झालंय हे, ऑफिसच्या टुर्नामेंटमध्ये, एका चालीत मात होती आणि मी ती न बघता प्यादं मारलं, पुढच्या चालीत मलाच मात. घरी जाऊन बायकोला सांगितलं बरोबरी झाली. तीन वर्षांनी खरं सांगितलं तर म्हणाली, तेव्हाच कळलं होतं, तू जेवला नव्हतास.

म्हणून त्याला ओपनिंगबिपनिंगचं काही विचारणार नाही. विचारेन, त्या संध्याकाळी काय केलंस रे? जेवलास का? रात्री डाव परत लावलास की पट बाजूला सारलास? उत्तर काय मिळेल मला माहीत नाही, पण टुर्नामेंटचा निकाल मला पाठ आहे. स्मिस्लॉव पहिला, केरेस दुसरा, आणि त्यांच्यामागे पाचजण साडेनऊ गुणांवर, त्यात पेट्रोशियन आणि ब्रॉन्स्टाइन दोघंही! म्हणजे वजीर फुकट घालवलेला आणि तो फुकट मिळालेला, दोघं शेवटी एकाच जागेवर. मला या गोष्टीची फार गंमत वाटते.

वेळ उरला तर 1953 च्या झ्युरिकमधल्या रेशेव्हस्कीच्या डावाचंही विचारेन. समोरची मधली प्यादी अंगावर येतायत आणि हा हत्ती मुकाट्यानं ई सहावर ठेवतो, घे म्हणतो, उंटानं घे. कारण काय, तर प्याद्याची वाट अडावी आणि घोड्याला ई सातवरून डी पाचवर जायला रस्ता मिळावा. हत्ती गेला, घोडा डी पाचवर ठाण मांडून बसला, प्यादी जागच्या जागी, डाव बरोबरीत. हे ज्याला दिसतं त्यालाच स्वतःचा वजीर दिसत नाही, कसं काय? दोन्ही डाव एकाच डोक्यातले आहेत गं.

आता कामाचं. पुढचा महिनाभर माझ्याशी खेळताना मी चाल केली की आधी मला तोंडानं सांगायचं, सरांची ही सोंगटी आता कुठली कुठली घरं बघतेय. मोठ्यानं. वेड्यासारखं वाटेल, वाटू दे, टुर्नामेंटमध्ये मनात म्हणायचंच आहे. आणि जिंकत असशील तर दोनदा.

रविवारी सकाळी नऊला ये. तुझी स्कोअरशीट, चाली लिहिलेला तो कागद, आण, चुरगाळून दप्तरात कोंबली असशील तर तशीच आण. आईला सांग डबा नको, काकू थालीपीठ करणार आहे.

सर

ता.क. ब्रॉन्स्टाइनचा डाव आधी मोबाईलवर बघू नकोस. बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, चूक झाली की नुसतं लाल दाखवतं, त्यात मजा नाही. पटावर लावू.