कोल्हापुरीचा तळ कसा जपायचा

पहिली कोल्हापुरी घेतलीत ना, आधी ती उलटी करून तळ बघा. अथणीकडच्या अस्सल जोडाला खिळा नसतो. चामड्याच्या वादीनंच थर शिवलेले असतात. वादी सारखी भिजली की कुजते आणि थर सुटतात. त्यामुळं बेळगावच्या पावसात ती बाहेर काढूच नका. भिजलीच तर कोरड्या फडक्यानं टिपून, कुशीवर उभी करून सावलीत वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ वाळवली तर चामडं आकसून तडकतं, मग काही इलाज नाही. पुरती वाळल्यावर चार-पाच थेंब एरंडेल फडक्यावर घेऊन चोळा. तेल जास्त झालं की चामडं लिबलिबीत होतं. टाच झिजत शिवणीपर्यंत पोचायच्या आत रबर चिकटवून घ्या. खिळे मात्र ठोकू देऊ नका.