निवृत्तीपत्र कपाटात, नाव फर्मवर

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिरासोबत मसाल्याची भागीदारी फर्म होती. मुलगी झाल्यावर दोन्हीकडे ओढाताण नको म्हणून 2021 मध्ये स्टॅम्पपेपरवर निवृत्तीपत्र करून त्या बाहेर पडल्या. आता 2023 मधल्या मालाच्या थकबाकीची मिरचीच्या व्यापाऱ्याकडून नोटीस आलीय, पाठोपाठ जीएसटीचीही. अशी पत्रं सारखी येतात, फक्त माल बदलतो.

ताई, निवृत्तीपत्रातली बाकीची कलमं राहू द्या. जाहीर नोटीस दिली होती का? तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावी. बारशाचं आमंत्रण गावभर जातं, चार ओळींच्या जाहिरातीचा मात्र आळस! भागीदारी कायदा 1932, कलम 32 प्रमाणे ही नोटीस निघेपर्यंत बाहेरच्यांसाठी तुमची जबाबदारी चालूच राहते. ती राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एखाद्या मराठी वर्तमानपत्रात द्यायची. फर्म नोंदलेली असेल तर निबंधकांनाही कळवायचं. निवृत्तीपत्रातलं ‘सर्व देणी दिराची’ हे वाक्य तुम्हा दोघांपुरतं. त्यावर उद्या दिराकडे पैसे मागता येतील, व्यापाऱ्याला अडवता येणार नाही.

एक फट आहे. तुम्ही भागीदार आहात हे ठाऊक नसताना ज्याने फर्मशी व्यवहार केला, त्याला तुमच्याकडे मागता येत नाही. तेव्हा हा व्यापारी माल कधीपासून देतोय ते जुन्या बिलांवरून काढा. 2021 आधीच्या एखाद्या चेकवर भागीदार म्हणून तुमची सही असेल, तर ही फट बुजली म्हणून समजा.

जीएसटीत सवलत आणखी कमी. निवृत्तीची तारीख आयुक्तांना एका महिन्यात लेखी कळवायची असते. नाही कळवली तर पत्र त्यांच्या हाती पडेपर्यंतचा कर, व्याज, दंड तुमच्याही डोक्यावर. पोर्टलवर तुमचं नाव अजून दिसतं असं तुम्हीच लिहिता. ते पत्र आजच द्या आणि पोच घ्या. जाहिरातही याच आठवड्यात द्या. मागचं पुसलं जाणार नाही, पण पुढचं थांबेल.

बँकेच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिला असाल तर तो वेगळा विषय, कागद पाहिल्याशिवाय बोलत नाही. दिराकडून वसुलीचंही तसंच. फर्म नोंदलेली नसेल तर भागीदारांना एकमेकांवर दावा लावायला अडवणारं त्याच कायद्याचं कलम 69 आडवं येऊ शकतं, आणि दावा लावलाच तर निकाल लागेपर्यंत मुलगी दहावीला पोचेल.

व्यापाऱ्याच्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, आणि ते दिराच्या वकिलाकडून देऊ नका.